रोहिणी आणि नीला

आमच्या शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात रक्ताभिसरणाची एक आकृती होती. हृदयाकडून सर्व शरीराला रक्त नेणारी ती रोहिणी आणि शरीरातून हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला. रोहिणी तांबड्या शाईने छापलेली, नीला निळ्या. पुढे धमनी आणि शिरा हे शब्द अधिक रूढ झाले; परंतु आमच्या पिढीच्या कानात ती जुनी नावेच बसली आहेत. दोघी एकाच घरातील बहिणी असाव्यात अशी ती नावे. गुरुजी मात्र बजावून सांगत की, या दोघींत गल्लत करू नका. एकीची भिंत जाड, दुसरीची पातळ. एकीत नाडीचे ठोके, दुसरीत नाहीत. एकीला झडपा नाहीत, दुसरीला आहेत.

तेच गुरुजी आता ऐंशीच्या घरात आहेत आणि माझ्याच धर्मग्रामात राहतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी घरोघर जातो, तेव्हा त्यांचीही भेट होते. गेल्या पावसाळ्यात प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी मला बसवून घेतले व म्हणाले, “फादर, सहा वर्षांमागे माझ्या डाव्या पायाच्या नीलेत रक्ताची गुठळी झाली. पडलो नव्हतो, शस्त्रक्रिया झाली नव्हती, अंथरुणाला खिळलो नव्हतो. यंदा हृदयाच्या रोहिणीत अडथळा निघाला. मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले की या दोघींचे वागणे वेगळे. मग एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही कसे यावे? योगायोग म्हणावा का?”

मला उत्तर देता आले नाही. मी वैद्य नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान, ईशज्ञान आणि ख्रिस्तसभेचा इतिहास एवढीच माझी शिदोरी. परंतु प्रश्न डोक्यातून जाईना. मिळेल ते वाचत गेलो आणि ध्यानात आले की, सरांनी विचारलेला प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात वारंवार डोके वर काढणारा आहे. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

पायाच्या नीलेतील गुठळीचे आरंभीच्या नोंदींपैकी एक वर्णन वैद्यकाच्या ग्रंथात सापडत नाही, ते सापडते एका संताच्या चमत्कारकथांत. फ्रान्सचा राजा नववा लुई इ. स. १२७० मध्ये मरण पावला आणि १२९७ मध्ये त्याला संतपद देण्यात आले. त्याच्या समाधीपाशी घडलेले चमत्कार गियोम द सँ-पाथ्यु या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने लिहून ठेवले. त्यांत १२७१ सालची राऊल नावाच्या नॉर्मंडीतील तरुणाची कथा आहे. वय विशीच्या आसपास. उजव्या पायाची पोटरी दुखू लागली, सुजली. सूज मांडीपर्यंत चढली. दुसरा पाय मात्र धडधाकट. पुढे पायावर व्रणही झाले. शल्यवैद्याने वाट पाहण्यास सांगितले. शेवटी राऊल सँ-देनी येथे राजाच्या समाधीपाशी गेला, तेथे त्याने काही दिवस प्रार्थना केली, समाधीखालची धूळ व्रणांना लावली आणि तो बरा झाला. पुढे अकरा वर्षांनीही तो हयात असल्याची नोंद आहे. आजचे वैद्यक-इतिहासकार हे वर्णन वाचून म्हणतात की, ही खोल नीलेतील गुठळीच असली पाहिजे. चमत्काराविषयी मी येथे काही म्हणत नाही. पण एकाच पायाची, पोटरीतून वर चढणारी सूज आणि मागाहून होणारे व्रण, असे नेमके वर्णन त्या लेखकाने केले म्हणून आज आपल्याला त्या तरुणाच्या पायात काय झाले होते याचा अंदाज करता येतो.

रोहिणीच्या दुखण्याचा पहिला सुंदर वृत्तांत वैद्याचा नाही, चित्रकाराचा आहे. १५०७-०८ च्या हिवाळ्यात लिओनार्दो दा विंची फ्लोरेन्समधील सांता मारिया नुओवा या रुग्णालयात एका वृद्धाशी बोलत बसला होता. आपण शंभर वर्षांचे आहोत, अशक्तपणाखेरीज काही त्रास नाही, असे तो वृद्ध म्हणाला आणि थोड्याच वेळात खाटेवर बसल्या बसल्या शांतपणे गेला. इतक्या गोड मरणाचे कारण काय, हे पाहण्यासाठी लिओनार्दोने शवविच्छेदन केले. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी त्याला सुकलेली, आक्रसलेली, कोमेजलेली दिसली. दोन वर्षांच्या एका बालकाचेही त्याने विच्छेदन केले होते. तेथे सारे याच्या उलट होते. संत्र्याची साल जून होते तशा म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या जाड होतात, असे त्याने लिहिले. दुर्दैवाने त्याच्या या वह्या शेकडो वर्षे छापल्या गेल्या नाहीत आणि त्यांचा वैद्यकाला काही उपयोग झाला नाही.

येथून आपल्याला पदुआ नगरीत जावे लागते. आपल्या घराघरांतून संत अंतोनीची तसबीर असते, त्यामुळे या गावाचे नाव आपल्याला परके नाही. ज्या नगरीत लोक त्या संताच्या समाधीचे दर्शन घ्यायला जात, त्याच नगरीच्या विद्यापीठात युरोपभरचे विद्यार्थी शरीररचना शिकायला येत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९४-९५ मध्ये, तेथे शवविच्छेदन पाहण्यासाठी कायमचे सभागृह बांधण्यात आले. मध्ये टेबल आणि सभोवती लंबवर्तुळाकार सहा लाकडी सज्जे, एकावर एक. ते आजही उभे आहे. तेथील प्राध्यापक फाब्रिचियस यांना १५७४ मध्ये नीलांच्या आत लहान लहान झडपा दिसल्या. १६०३ मध्ये त्यांनी त्यांवर ग्रंथच लिहिला. गंमत अशी की, झडपा पाहिल्या त्यांनी, त्यांच्या आकृत्या सुरेख काढल्या त्यांनी; पण झडपा कशासाठी आहेत हे त्यांना उमगले नाही. गेलनच्या जुन्या शिकवणुकीनुसार रक्त यकृतात तयार होऊन नीलांमधून बाहेर, हातापायांकडे, वाहते असेच ते मानीत होते. हातापायांत रक्ताचा लोंढा एकदम येऊ नये म्हणून हे बांध घातले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष.

त्यांचा एक विद्यार्थी इंग्लंडहून आला होता. विल्यम हार्वी त्याचे नाव. १६०२ मध्ये त्याने पदुआची पदवी घेतली. गुरूने दाखवलेल्या झडपा फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात, तेव्हा रक्तही त्याच दिशेने वाहत असले पाहिजे, एवढा साधा विचार त्याने केला. दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या नीलेवर बोट दाबून, कोणालाही घरी करून पाहता येईल असा प्रयोग त्याने दाखवला. १६२८ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. हृदय अर्ध्या तासात जितके रक्त बाहेर फेकते तितके तर सबंध शरीरातही नसते. म्हणजे तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे. रोहिणीतून जाणारे आणि नीलेतून येणारे रक्त एकच, हे अशा रीतीने सिद्ध झाले. दोघींना जोडणाऱ्या केसाहूनही बारीक वाहिन्या मात्र हार्वीला दिसल्या नाहीत. त्या १६६१ मध्ये मार्चेलो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हेच माल्पिगी पुढे पोप बारावे इनोसंट यांचे वैद्य झाले. १६६६ मध्ये त्यांनी रक्ताची गुठळी पाण्याने धुऊन पाहिली आणि तिचा लाल रंग निघून गेल्यावर पांढऱ्या तंतूंचे जाळे उरते, हे दाखवले.

पदुआच्या या परंपरेतील तिसरे मोठे नाव म्हणजे जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी. धार्मिक वृत्तीचा मनुष्य. त्यांच्या आठ कन्या धर्मभगिनी झाल्या. साठ वर्षे विच्छेदने करून, सुमारे सातशे रुग्णांच्या हकीकती जमवून, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, १७६१ मध्ये त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो एका तरुण मित्रास लिहिलेल्या सत्तर पत्रांच्या रूपात आहे. रोगी जिवंत असता काय तक्रार करीत होता आणि मृत्यूनंतर आत काय सापडले, याची जोडी त्यांनी प्रत्येक पत्रात लावली. हाडासारख्या कठीण झालेल्या रोहिणी त्यांत आहेत, गुठळ्याही आहेत. आजार म्हणजे शरीरातील रसांचे बिघडलेले मिश्रण नव्हे, आजाराला शरीरात एक ठिकाण असते, हा त्यांचा धडा. सर्व विद्या वेळेवर प्रसिद्ध करण्याची आज जी घाई असते ती पाहता एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत थांबणाऱ्या या माणसाविषयी मला आदर वाटतो, आणि थोडी धास्तीही. ते आधी गेले असते तर?

इंग्लंडमधील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर आपल्या परिचयाचे आहेत. छातीत कळ येऊन मेलेल्या एका रोग्याच्या हृदयाचे विच्छेदन करताना त्यांची सुरी एकदम कशावर तरी खरखरली. इमारत जुनी होती, म्हणून छताचा गिलावा पडला असावा असे समजून त्यांनी वर पाहिले. छत धड होते. सुरीला लागली होती ती हृदयाची हाडासारखी झालेली रोहिणी. जेन्नर यांचे गुरू जॉन हंटर यांनाही छातीत तशीच कळ येत असे. आपल्याला काय सापडले हे छापले तर गुरूला आपल्या मरणाचे कारण आगाऊ कळेल, म्हणून शिष्याने मौन पाळले. १७९३ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयातील बैठकीत वादविवाद झाला, हंटर संतापून बाहेर पडले आणि तेथेच कोसळले. त्यांच्या हृदयाच्या रोहिणी कठीण झालेल्या निघाल्या.

नीलेच्या गुठळीकडे मात्र अजून कोणी नीट पाहिले नव्हते. बाळंतिणीचा पाय सुजला की अंगावरचे दूध पायात उतरले, असे अठराव्या शतकातील युरोपीय वैद्य म्हणत. त्या दुखण्याला नावही दुधाचा पाय असेच होते. दूध साचू नये म्हणून बाळाला अंगावर पाजा, असा सल्ला देत. कारण चुकीचे, सल्ला चांगला!

आता मी ज्या व्यक्तीकडे येतो तिचे नाव मी प्रथम ऐकले ते सेमिनरीत, ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला आणि तेही शत्रूच्या यादीत. जर्मनीत १८७० नंतरच्या दशकात बिस्मार्कच्या राजवटीने कॅथलिक ख्रिस्तसभेवर जे निर्बंध लादले, येशूसंघीयांना हद्दपार केले, धर्मगुरूंचे शिक्षण सरकारच्या ताब्यात घेतले, अनेक बिशपांना तुरुंगात धाडले, त्या सर्व प्रकरणाला संस्कृतिसंग्राम असे नाव आहे. १८७३ मध्ये हा शब्द रूढ करणारा प्रशियाच्या विधिमंडळातील सदस्य म्हणजे रुडॉल्फ फिर्खो. आमच्या वह्यांत त्या नावापुढे आम्ही एवढेच टिपले होते. हा माणूस विकृतिशास्त्राचा जनक आहे आणि जगातील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी त्याचे नाव आदराने घेतो, हे मला कळायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

१८४५-४६ मध्ये फिर्खो पंचविशीचा होता आणि बर्लिनच्या शारिते रुग्णालयात शवविच्छेदने करीत होता. त्या काळी नीलेचा दाह हेच सर्व रोगांचे मूळ, असा पॅरिसच्या क्रुव्हेयल्ये यांचा दबदबा होता. गुठळी फुप्फुसात सापडली की ती तेथेच दाहामुळे निर्माण झाली, असे समजत. फिर्खोने शहात्तर शवे तपासली. फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी सापडे तेव्हा पायाच्या किंवा ओटीपोटाच्या नीलेतही बहुधा गुठळी असे, आणि फुप्फुसातील तुकड्याचे तुटलेले टोक कधी कधी नीलेतील गुठळीच्या टोकाशी जुळे. म्हणजे गुठळी तेथे जन्मली नव्हती, प्रवास करून आली होती! कुत्र्यांच्या मानेच्या नीलेत रबराचे तुकडे सोडून ते फुप्फुसात पोहोचतात, हे त्याने प्रयोगाने दाखवले. गुठळी आणि तिचा प्रवास या दोहोंसाठी आज डॉक्टर वापरतात ते थ्राँबोसिस आणि एम्बोलिझम हे शब्द त्यानेच प्रचारात आणले. रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे आज फिर्खोचे त्रिकूट म्हणून शिकवतात. खरे पाहता तीन कारणांची ही यादी त्याच्या नावावर विसाव्या शतकात लागली. पण तिच्यातील विचार त्याच्या लिखाणात आहेत.

त्याच सुमारास व्हिएन्नात कार्ल रोकितान्स्की हे वयाने सतरा वर्षांनी मोठे, तीस हजारांच्या आसपास शवविच्छेदने गाठीशी असलेले प्राध्यापक होते. रोहिणी कठीण का होतात, याविषयी त्यांनी १८४० च्या दशकात मत मांडले होते की, रक्तातील गोठणारे द्रव्य रोहिणीच्या आतल्या भिंतीवर थरावर थर साचते आणि त्याचेच पुढे काठिण्य होते. दुसऱ्या शब्दांत, कठीण झालेली रोहिणी ही जुन्या गुठळीचीच परिणती. फिर्खोला हे पटले नाही. त्याच्या मते आरंभ भिंतीत होतो. भिंत सुजते, दाह होतो, मग तेथे चरबी जमते. रक्तरसाच्या बिघाडाची जी मोठी उपपत्ती रोकितान्स्की यांनी उभारली होती तिच्यावर या पोरसवदा वैद्याने १८४६ मध्ये अशी कठोर टीका लिहिली की, वाचणाऱ्याला आजही संकोच वाटावा. रोकितान्स्की यांची थोरवी पाहा: ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीतून त्यांनी ती उपपत्ती काढून टाकली. आपल्याकडे धर्मग्रामाच्या सभेतील एवढातेवढा मुद्दा सोडायला माणसे तयार नसतात.

उपपत्तीबरोबर रोहिणीवर साचणाऱ्या थरांचा मुद्दाही मागे पडला, आणि तो चुकीचा नव्हता. एका शतकानंतर, १९४६ मध्ये, ब्रिटनमधील डुगिड यांनी हृदयाच्या रोहिणींचे छेद तपासून दाखवले की, भिंतीतील काही गाठी म्हणजे जुन्या गुठळ्याच असून त्यांवर आतले अस्तर वाढून त्या भिंतीत गाडल्या गेल्या आहेत. दाहाविषयी फिर्खोचे म्हणणेही तितकेच खरे ठरले. १९९९ मध्ये अमेरिकेतील रसेल रॉस यांनी रोहिणीकाठिण्य हा दाहाचाच विकार आहे, असे साधार मांडले. मधल्या काळात, १९०४ मध्ये, मार्शां यांनी या विकाराला अथेरोस्क्लेरोसिस हे नाव दिले होते. त्यातील पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ पेज. भिंतीतील गाठ चिरली की आतून घट्ट पेजेसारखा चरबीचा लगदा निघतो, म्हणून हे नाव. आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ काठिण्य.

विसाव्या शतकात रोहिणी आणि नीला यांची पुरती वाटणी झाली. कारण होते, औषधे. रोहिणीतील गुठळी प्रामुख्याने रक्तातील सूक्ष्म बिंबिकांची, पांढरट. भिंतीतील पेजेवरचे आवरण फुटते आणि तेथे बिंबिका गोळा होतात. नीलेतील गुठळी तांबडी, तंतू आणि रक्तपेशींची. ती बहुधा झडपांच्या मागच्या खोबणीत, जेथे रक्त संथ होते तेथे, जन्म घेते. पांढरीला अॅस्पिरिन, तांबडीला हेपारिन व वॉरफरिन. रोहिणीचा रोगी हृदयरोगतज्ज्ञाकडे, नीलेचा रोगी दुसऱ्याच दारी. वॉरफरिनची कथा तर सर्वश्रुत असावी अशी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. कुजलेल्या गोड क्लोव्हर गवतामुळे हे होते, इतके कळले होते. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन बर्फाच्या वादळातून मॅडिसन येथील विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत येऊन थडकला. त्या डब्यातून निघालेल्या संशोधनातून १९४८ मध्ये वॉरफरिन हे आधी उंदीर मारायचे औषध म्हणून बाजारात आले. माणसांसाठी ते १९५४ मध्ये आले आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर देण्यात आले. म्हणजे नीलेचे औषध रोहिणीच्या रोग्याला! वाटणी वाटते तितकी पक्की नव्हती.

नीलेच्या गुठळीमागे माणसाचे बसून राहणेच असते, ही समजूतही याच काळात दृढ झाली, आणि तिला आधार होता. १९४० मध्ये लंडनवर बाँबवर्षाव होत असता लोक रात्र रात्र तळघरांत घडीच्या खुर्च्यांवर बसून काढीत. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यकतज्ज्ञाच्या लक्षात आले की, फुप्फुसात गुठळी जाऊन होणारे आकस्मिक मृत्यू एकाएकी वाढले आहेत. खुर्चीच्या पुढच्या दांडीने मांडीखालच्या नीला दाबल्या जात होत्या. अशा गुठळ्यांना, तसेच शस्त्रक्रिया, हाडमोड, कर्करोग यांमागून येणाऱ्या गुठळ्यांना कारण सापडते. पण निष्कारण येणाऱ्यांचे काय? सरांच्या पायातील गुठळी याच दुसऱ्या वर्गातली.

आणि येथे कथा पुन्हा पदुआला येते. २००३ मध्ये त्याच विद्यापीठातील पाओलो प्रांदोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पायाच्या खोल नीलेत गुठळी झालेले, पण रोहिणीच्या विकाराचे कोणतेही लक्षण नसलेले २९९ रुग्ण त्यांनी घेतले आणि तुलनेसाठी गुठळी नसलेल्या १५० व्यक्ती. सर्वांच्या मानेतील रोहिणींची ध्वनिलहरींनी तपासणी केली. ज्यांच्या गुठळीला उघड कारण होते अशा १४६ जणांपैकी ४० जणांच्या रोहिणीत चरबीची गाठ सापडली, म्हणजे शेकडा २७. तुलनेच्या गटात १५० पैकी ४८, शेकडा ३२. परंतु ज्यांची गुठळी निष्कारण होती अशा १५३ जणांत तब्बल ७२ जणांना, म्हणजे शेकडा ४७ जणांना, ती गाठ होती. वय, वजन, धूम्रपान इत्यादींचा हिशेब करूनही हा फरक उरला. प्रांदोनी यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. रोहिणीचा विकार नीलेत गुठळी घडवून आणतो, किंवा दोन्हींची कारणे समान आहेत, या दोन शक्यता मांडून ते थांबले.

साहजिकच जगभर पडताळा सुरू झाला. अमेरिकेत हजारो माणसांच्या मानेच्या रोहिणी आधी मोजून, नंतर वर्षानुवर्षे त्यांच्यावर नजर ठेवून पाहिले गेले, आणि २००६ मध्ये निघालेल्या दोन अहवालांत पदुआच्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही. ज्यांच्या रोहिणी जाड होत्या त्यांना पुढे नीलेची गुठळी अधिक झाली नाही. उलट दिशेने पाहता चित्र वेगळे दिसले. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयातील नोंदी जपून ठेवतात. तेथील सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या: पायात गुठळी झालेले २५,१९९, फुप्फुसात गुठळी झालेले १६,९२५ आणि तुलनेसाठी १,६३,५६६ सामान्य माणसे. गुठळीनंतरच्या पहिल्या वर्षात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण पायाच्या रुग्णांत १.६ पट, फुप्फुसाच्या रुग्णांत २.६ पट आढळले. मेंदूच्या झटक्याचे त्याहूनही अधिक. पुढच्या वीस वर्षांत ही वाढ शेकडा २० ते ४० वर स्थिरावली. इटलीतील अगेनो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्थूल माणसांत नीलेच्या गुठळीची शक्यता दुपटीहून अधिक, रक्तदाब असलेल्यांत दीडपट आणि मधुमेहींत जवळपास तितकीच दिसली. ही सारी रोहिणीच्या रोगाचीच जुनी ओळखीची कारणे.

औषधांनीही कुंपण ओलांडले. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन ही गोळी रोहिणीसाठी. तिचा प्रयोग १७,८०२ निरोगी दिसणाऱ्या माणसांवर केला गेला. २००९ मध्ये नीलेच्या गुठळ्यांची मोजदाद झाली तेव्हा गोळी घेणाऱ्या निम्म्या लोकांत ३४ आणि न घेणाऱ्यांत ६० निघाल्या. अॅस्पिरिनही रोहिणीचीच. २०१२ मध्ये इटलीतील एका प्रयोगात, निष्कारण गुठळी होऊन नेहमीचे औषध संपवलेल्या ४०२ रुग्णांपैकी २०५ जणांना अॅस्पिरिन दिले; त्यांतील २८ जणांना पुन्हा गुठळी झाली, तर नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी दिलेल्या १९७ पैकी ४३ जणांना. नीलेतील गुठळीवर वॉरफरिनसारखी औषधे अॅस्पिरिनहून अधिक गुणकारी आहेत, हे खरेच; म्हणून कोणी आपल्या मनाने गोळ्या बदलू नयेत.

दोघींना जोडणारा धागा कोणता, याचा शोध आता दाहाकडे वळला आहे. २००४ मध्ये बर्लिनमध्ये, शारिते रुग्णालयाच्याच आवारातील एका संशोधन संस्थेत, असे आढळले की, रक्तातील काही पांढऱ्या पेशी मरताना आपल्या अंतरंगातील धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात आणि त्यांत जंतू अडकवतात. पुढे कळले की, याच जाळ्यात बिंबिका व तांबड्या पेशीही अडकतात, आणि ही जाळी नीलेच्या गुठळीत सापडतात तशीच रोहिणीच्याही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत आपण जे पाहिले ते आठवावे. श्वासाचा म्हणून आलेला तो रोग कित्येकांच्या पायात, फुप्फुसात, हृदयात आणि मेंदूत गुठळ्या करून गेला. नीला आणि रोहिणी असा भेद त्याने ठेवला नाही. त्या वर्षी मी दफनभूमीत ज्यांच्यासाठी प्रार्थना म्हटली त्यांतील काहींची घरची मंडळी आजही विचारतात, “फादर, ताप तर उतरला होता, मग असे अचानक कसे झाले?”

फिर्खोविषयी मात्र माझ्या मनात दोन चित्रे राहिली. ज्या वर्षी त्याने गुठळीला नाव दिले त्याच १८४८ मध्ये तो सायलेशियातील टायफसची साथ पाहायला गेला. तेथील पोलिश भाषक, गरीब, कॅथलिक शेतकरी उपासमारीने आणि तापाने मरत होते. या लोकांना औषधापेक्षा शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न हवे, असे त्याने सरकारला लिहिले आणि जाता जाता तेथील आमच्या धर्मगुरूंनी लोकांना अज्ञानात ठेवल्याचा ठपकाही ठेवला. तो ठपका वाचताना मला राग आला. नंतर त्यातील काही भाग मी पुन्हा वाचला आणि रागाचे कारण मला नीट सांगता येईना.

गेल्या पहिल्या शुक्रवारी हे सर्व मी सरांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पदुआचे आकडे त्यांनी मला दोनदा सांगायला लावले आणि उशीखालच्या वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे डेन्मार्कमध्ये असते तर पाय सुजला तेव्हाच कोणी माझे काळीज तपासले असते का?” मी म्हटले, “ते काही सांगता येत नाही, सर. अजून वाद मिटलेला नाही. पण निष्कारण गुठळी झालेल्या माणसाचा रक्तदाब, साखर, चरबी पाहून घ्यावी, असे पुष्कळ डॉक्टर आता म्हणतात.” सरांनी वही मिटली. त्यांचा धाकटा मुलगा आखाती देशात नोकरीला असतो; गेल्या वर्षी विमानातून उतरल्यावर त्याचीही पोटरी सुजली होती. त्याला फोन लावून द्या, असे त्यांनी सूनबाईंना सांगितले.